व्हिक्टोरिया सरोवर आणि त्याच्या काठची गावे



आमच्या वस्तीच्या मागे उजनी धरणाचा फुगवटा आहे. पलीकडच्या काठाला चरणारी म्हैस इकडून मुंगीएवढी दिसते. म्हणून मला वाटायचे, जगात सगळ्यांत मोठे पाणी आमचेच. एके दिवशी भूगोलाच्या तासाला गुरुजींनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला. आफ्रिका खंडावर एक निळा ठिपका होता. गुरुजी म्हणाले, "हे व्हिक्टोरिया सरोवर. याच्या मधोमध होडी नेली तर कुठलाच काठ दिसत नाही. आणि तरी पाणी गोड आहे बरं का!" कोणालाच खरे वाटेना. त्या दिवसापासून मी गुरुजींकडची पुस्तके व नकाशे बघून वहीत टिपणे काढली. तीच पाठ म्हणून येथे लिहीत आहे.

१. स्थान व विस्तार

व्हिक्टोरिया सरोवर आफ्रिकेच्या पूर्व भागात आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून नैर्ऋत्येला गेले की आफ्रिका लागते. तेथून आत जमिनीवर बरेच चालले की हे सरोवर येते. विषुववृत्त याच्या उत्तर भागातून जाते.

सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राचे पाच सारखे तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यापेक्षा हे सरोवर मोठे भरेल. गोड्या पाण्याच्या सरोवरांत क्षेत्रफळाने याचा जगात दुसरा नंबर लागतो. पहिला नंबर उत्तर अमेरिकेतील सुपीरिअर सरोवराचा. कॅस्पियन समुद्र त्याहून मोठा आहे, पण त्याचे पाणी खारट आहे, म्हणून तो या स्पर्धेत धरत नाहीत.

हे सरोवर तीन देशांनी वाटून घेतले आहे. सरोवराची एक भाकरी केली, तर जवळजवळ अर्धी भाकरी टांझानियाची. त्याहून थोडी कमी युगांडाची. केनियाच्या वाट्याला फक्त एक घास येतो, म्हणजे शंभरात सुमारे सहा भाग.

सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ११३४ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडेसेच खाली. त्यामुळे विषुववृत्तावर असूनही तेथे माणूस भाजून निघत नाही.

नावाची गंमत सांगते. १८५८ साली स्पीक नावाचा इंग्रज प्रवासी दक्षिण काठावर आला. त्याने आपल्या राणीचे नाव सरोवराला दिले. पण सरोवर काही तेव्हा जन्मले नव्हते! काठावरचे लोक त्याला पूर्वीपासून आपापल्या भाषेत हाक मारीत होते. युगांडातील गांडा लोक नालुबाले म्हणतात आणि केनियातील लुओ लोक नाम लोल्वे म्हणतात.

२. शाळेच्या मैदानावरचे सरोवर

सरोवराची लांबी सुमारे ३३७ किलोमीटर आणि रुंदी सुमारे २४० किलोमीटर. हे आकडे पाठ झाले, पण डोळ्यांपुढे काही येईना. मग गुरुजींनी आम्हाला मैदानावर नेले. एका किलोमीटरला दहा सेंटीमीटर असे प्रमाण धरले. दोरीने मोजून आणि फक्की टाकून आम्ही सरोवर काढले. ते ३३ मीटर ७० सेंटीमीटर लांब आणि २४ मीटर रुंद झाले. कबड्डीचे दोन्ही पाळे आत गेले.

मग गुरुजींनी विचारले, "आता सांगा, याच प्रमाणात खोली किती खणावी?" कोणी म्हणाले गुडघाभर, कोणी म्हणाले कमरेइतकी. वर्गाचा मॉनिटर तर म्हणाला, विहीरच पाडावी लागेल. गुरुजींनी फळ्यावर गणित घातले. सरोवराची जास्तीत जास्त खोली सुमारे ८० मीटर. म्हणून आपल्या मैदानावर ती येते फक्त ८ मिलिमीटर! म्हणजे आडव्या ठेवलेल्या एका पेन्सिलीइतकी. आणि सरासरी खोली तर त्याच्याही निम्मी. आमच्या त्या एवढ्या मोठ्या सरोवरात चिमणी सहज पायी चालली असती.

रशियातील बैकल सरोवर याच प्रमाणात काढले तर सुमारे १६ सेंटीमीटर खोल खणावे लागेल. आमची कंपासपेटीतील पट्टी त्यात उभी बुडेल. बैकलचे क्षेत्रफळ व्हिक्टोरियाच्या निम्म्याहून कमी आहे, पण पाणी आठपटीहून जास्त आहे. म्हणून गुरुजी म्हणाले, "बैकल म्हणजे रांजण आणि व्हिक्टोरिया म्हणजे परात." हे वाक्य मी वहीत लाल शाईने लिहिले आहे. कारण पुढचे सगळे यावरून समजते. रांजणात चिमूटभर घाण पडली तर लवकर कळत नाही. परातीतल्या पाण्यात पडली की लगेच दिसते.

परात असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली होती. सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी फार कोरडा काळ आला आणि हे सरोवर आटून गेले. शास्त्रज्ञांनी तळाच्या गाळात लांब नळ्या खुपसून गाळ वर काढला आणि त्यावरून हे ओळखले. नंतर पाऊस वाढला आणि परात पुन्हा भरली.

३. पाणी येते कोठून व जाते कोठे?

मला वाटले होते, एवढे पाणी नद्याच आणत असतील. पण तसे नाही. समजा, सरोवरात शंभर घागरी पाणी आले. तर त्यातल्या सुमारे ऐंशी घागरी थेट वरून पडणाऱ्या पावसाच्या असतात. नद्यांच्या वाट्याला वीसच येतात. नद्यांमध्ये सर्वांत मोठी कागेरा. ती रवांडा व बुरुंडी या देशांकडून येते.

तेथे वर्षातून दोनदा पावसाळा असतो. एक मार्च ते मे आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवसा सरोवरावरून जमिनीकडे वारा वाहतो, रात्री जमिनीवरून सरोवराकडे वाहतो. म्हणून सरोवरावर वादळी पाऊस बहुधा रात्री होतो, आणि नेमके तेव्हाच कोळी लोक पाण्यावर असतात.

पाणी जाते कसे? पाऊण भाग उन्हाने वाफ होऊन जातो. उरलेले पाणी उत्तरेला एकाच दाराने बाहेर पडते. त्या दारातून जी नदी निघते ती नाईल! तीच पुढे युगांडा, दक्षिण सुदान, सुदान व इजिप्त या देशांतून भूमध्य समुद्राला मिळते.

पाऊस जास्त झाला तर परात काठोकाठ भरते. २०१९ च्या अखेरीपासून तेथे फार पाऊस पडला. १९६४ साली पाणी सर्वांत जास्त चढले होते. २०२० च्या मे महिन्यात त्याच्याही वर गेले. पुष्कळ लोकांना घरे सोडावी लागली. हे मी घरी वाचून दाखवले. माझ्या आजीचे जुने गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. ती गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "पाणी दारात आलं की आदी जनावरं सोडायची. भांड्याकुंड्याचं मागनं बगायचं."

४. काठाने प्रदक्षिणा

मैदानावरच्या सरोवराभोवती आम्ही एकेक मुलगा, एकेक मुलगी गाव म्हणून उभे राहिलो. प्रत्येकाच्या हातात पाटी होती. चला, देवळाला घालतो तशी उजवीकडून प्रदक्षिणा घालू.

किसुमू (केनिया) : हे ईशान्येला एका लांब आखाताच्या टोकाला आहे. १९०१ साली मोंबासा बंदरापासून येथपर्यंत रेल्वे आली. ती बांधायला त्या वेळच्या हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. अडीच हजारांच्या आसपास मजूर तिकडेच मेले. काही तेथेच राहिले, मागून दुकानदारही गेले. म्हणून आजसुद्धा तेथील लोक चहाला 'चाई' म्हणतात, दुकानाला 'दुका' म्हणतात आणि चपाती आवडीने खातात. हे ऐकून आमच्या वर्गात एकदम हशा पिकला. पण मजुरांचा आकडा ऐकल्यावर सगळे गप्प झाले.

होमा बे (केनिया) : त्याच आखाताच्या दक्षिण काठावरचे लहान गाव. मासे हाच मोठा धंदा. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, त्याला उगाली म्हणतात. तिच्याबरोबर मासे खातात.

मुसोमा (टांझानिया) : पूर्व काठावर आहे. याच्याजवळ मारा नदी सरोवराला मिळते. मारा नदी येताना सेरेंगेटीच्या जंगलातून येते. तेथे सिंह, झेब्रे, हत्ती आहेत.

म्वांझा (टांझानिया) : दक्षिणेला आहे. ही पाटी माझ्या हातात होती. टांझानियातील हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. जिकडे तिकडे मोठमोठे गोल खडक आहेत. काही तर पाण्यात एकावर एक रचून ठेवल्यासारखे उभे आहेत. म्हणून याला खडकांचे शहर म्हणतात. येथून रेल्वे, बोटी, सर्व काही सुटते. माशांचे कारखाने आहेत. २१ मे १९९६ रोजी बुकोबाहून येणारी 'बुकोबा' नावाचीच बोट म्वांझाच्या जवळ येऊन बुडाली आणि शेकडो माणसे गेली. बोटीत मावतील त्यापेक्षा जास्त माणसे बसली होती. आपणही जत्रेला जाताना होडीत दाटीवाटीने बसतो. ते चुकीचे आहे.

बुकोबा (टांझानिया) : पश्चिम काठावर आहे. आसपास केळी व कॉफीच्या बागा आहेत. कागेरा नदी याच्या उत्तरेला सरोवरात येते.

एंटेबे (युगांडा) : येथे जाताना वाटेत सेसे बेटे लागतात. ती एकूण ८४ आहेत. एंटेबे या नावाचा अर्थ बसायचे आसन असा होतो. विषुववृत्त अगदी लगत आहे. युगांडाचा मोठा विमानतळ येथे आहे.

कंपाला (युगांडा) : एंटेबेच्या जवळच, टेकड्यांवर वसलेले राजधानीचे शहर. या शहराचे पिण्याचे पाणी सरोवरातून येते. आणि शहराचे सांडपाणी नाकिवुबो नावाच्या नाल्यातून त्याच सरोवरात जाते. हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

जिंजा (युगांडा) : हेच ते दार, जेथून नाईल बाहेर पडते. पूर्वी येथे धबधबा होता. १९५४ साली खाली धरण बांधून वीज काढली, तेव्हा धबधबा पाण्यात बुडाला. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग येथील पाण्यात सोडला होता. तेथे गांधीजींचा अर्धपुतळा आहे. तो १९९७ साली आपले त्या वेळचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या हस्ते बसवला.

जिंजाहून पूर्वेला गेले की पुन्हा किसुमू. प्रदक्षिणा पूर्ण झाली!

५. सरोवरातील मासे

सरोवरात लहान लहान रंगीत माशांच्या पाचशेच्या आसपास जाती होत्या. त्या जगात दुसरीकडे कोठेही नव्हत्या. १९५० नंतर बाहेरून दोन पाहुणे आणून सोडले. एक नाईल चिलापी आणि दुसरा नाईल पर्च. चिलापी आपल्याला माहीतच आहे. उजनीची चिलापीसुद्धा मूळची आफ्रिकेची! आमच्या ताटात रोज आफ्रिका येते, हे मला आत्ता कळले.

नाईल पर्च मात्र राक्षस आहे. तो माणसापेक्षा लांब वाढू शकतो. त्याने लहान मासे खाल्ले. १९८० च्या सुमारास तो एकदम वाढला आणि त्या रंगीत माशांच्या कितीतरी जाती दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्याच पर्चमुळे कारखाने निघाले, मासे परदेशी जाऊ लागले, हजारो लोकांना काम मिळाले. म्हणून पर्च चांगला की वाईट, यावर आमच्या वर्गात भांडण झाले. अजून मिटलेले नाही.

गरिबांचा मासा वेगळाच आहे. तो बोटाएवढा आणि चांदीसारखा चकचकीत असतो. टांझानियात त्याला दगा म्हणतात, केनियात ओमेना आणि युगांडात मुकेने. मासा एक, नावे तीन! अंधाऱ्या रात्री होडीत दिवे लावतात. दिव्याच्या उजेडाला मासे गोळा होतात, मग जाळे ओढतात. सकाळी बाया ते मासे वाळूवर पसरून वाळवतात. आपल्या बाजारातल्या सुकटीसारखेच.

पुढे मासे कमी होऊ लागले. होड्या वाढल्या, जाळी बारीक झाली. म्हणून तिन्ही देशांनी १९९४ साली मिळून एक संस्था काढली. तिची कचेरी जिंजाला आहे. पन्नास सेंटीमीटरपेक्षा लहान पर्च पकडू नये, असा नियम आहे. कारण पिल्लू पकडले तर पुढच्या वर्षी मोठा मासा कोठून येणार?

६. जलपर्णी

जलपर्णी दिसायला फार छान असते. फूल जांभळे असते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. १९९० च्या सुमारास ती व्हिक्टोरिया सरोवरात पसरू लागली. शहरांचे सांडपाणी आणि शेतांतले खत पावसाबरोबर वाहून आले, ते खाऊन ती माजली. १९९८ च्या सुमारास तर तिने कहरच केला. किसुमूच्या आखातात हिरवी सतरंजी अंथरल्यासारखे झाले. होड्या अडकल्या, बंदरे बंद पडली.

मग तिचे पान खाणारे, मूळचे दक्षिण अमेरिकेतलेच बारीक भुंगे बाहेरून आणवले आणि सरोवरात सोडले. काही वर्षांत जलपर्णी पुष्कळ कमी झाली. तसलेच भुंगे आपल्या देशातही १९८० नंतर सोडलेले आहेत. पण घाण पाणी येणे थांबले नाही, म्हणून किसुमूकडे जलपर्णी पुन्हा पुन्हा येते. भुंगा पान खातो. सांडपाणी त्याला खाता येत नाही.

७. आमच्या घरातली गोष्ट

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या फुगवट्यातही जलपर्णी आली. माझे बापू मासे धरतात. त्यांची होडी आठ दिवस काठालाच होती. नवव्या दिवशी त्यांनी आणि चुलत्यांनी कोयत्याने वाट पाडली. त्या आठ दिवसांत आईने उसन्या जोंधळ्यावर घर चालवले. म्हणून किसुमूची गोष्ट वाचताना मला ती परकी वाटली नाही.

हा पाठ लिहून झाल्यावर मी कंदिलाजवळ बसून बापूंना सगळा वाचून दाखवला. ते जाळे दुरुस्त करीत होते. ऐकून म्हणाले, "आगं, म्हंजी तिकडंबी आपल्यावानीच झालंय की." मी म्हटले, "बापू, तिकडं लहान मासा धरायचा नाही असा नियम आहे. आपलं जाळं तर बारीक आसाचं आहे. त्यात चिलापीची पिल्लं येतात." बापू थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला का कळत न्हाई व्हय? पन मी एकट्यानं मोठ्या आसाचं लावलं, तर माझ्या जाळ्यातनं सुटल्यालं पिल्लू दुसऱ्याच्या जाळ्यात जातं. मग तुझ्या वह्या कशाच्या आनायच्या?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "म्हणूनच तिथं तीन देशांना एकत्र बसावं लागलं. एकट्याचं काम नाही ते." मग माझ्या मनात आले, तीन देश एकत्र बसू शकतात, तर आमच्या काठावरच्या वस्त्यांना तेवढे अवघड जाऊ नये. आज पालक सभेला सगळ्या वस्त्यांचे पालक शाळेत आले आहेत. बापूही आले आहेत. ते मागच्या रांगेत बसतात.

आमचा फुगवटा व्हिक्टोरियापेक्षा खूप खूप लहान आहे. ती परात असेल तर ही वाटी आहे. वाटीला जास्तच जपावे लागते.

सांगा पाहू!

१. व्हिक्टोरिया सरोवर कोणत्या तीन देशांत आहे?
२. सरोवर लांबरुंद असूनही गुरुजींनी त्याला परात का म्हटले?
३. नाईल नदी कोणत्या गावाजवळ सरोवरातून बाहेर पडते?
४. दगा, ओमेना आणि मुकेने यांत फरक काय? (नीट विचार करा, फसू नका.)
५. भुंगे सोडूनही जलपर्णी पुन्हा का येते?
६. हा प्रश्न फक्त पालकांसाठी : मोठ्या आसाचे जाळे सर्वांनी एकाच दिवशी लावायचे ठरले, तर तो दिवस कोणता धरावा? उत्तर भित्तिपत्रकाच्या खाली ठेवलेल्या वहीत लिहावे. लिहिता येत नसेल त्यांनी आम्हाला सांगावे, आम्ही लिहून घेऊ.

– इयत्ता चौथी